मोटेचं चाक कड्यावर

ज्यांनी मोट चालताना पाहिली आहे, त्यांना आठवत असेल: नाडा विहिरीच्या काठाला घासायचा नाही. विहिरीवर झुकलेल्या लाकडांत चाक बसवलेलं असायचं. मोटेचा नाडा त्यावरून मागे वळायचा आणि धावेवर उतरणारे बैल तो ओढायचे. नाडा थेट दगडी काठावरून ओढला असता, तर बैल निम्म्या वेळात दमले असते आणि नाडाही झिजून तुटला असता.

कड्यावरून जखमी माणसाला वर घेणाऱ्या पथकापुढे नेमका हाच प्रश्न असतो. फक्त मोटेच्या जागी स्ट्रेचर आणि बैलांच्या जागी रात्रभर जागलेली सहा-आठ माणसं.

आधी काठ किती नडतो ते पाहू. स्ट्रेचर, त्यातला जखमी आणि सोबत लटकणारा बचावकर्ता मिळून 200 किलो धरा. दोर कातळाच्या काठावरून काटकोनात वळला आणि घर्षणांक (काठ दोराला किती अडवतो त्याचं माप) 0.5 असला, तर वर ओढायला साधारण 440 किलोंचा जोर लागतो. गंमत म्हणजे तोच भार खाली सोडताना दोर धरणाऱ्याला जेमतेम 90 किलो जाणवतात, कारण बाकीचं काम काठच करतो. म्हणून माणूस खाली सोडताना सगळं सुरळीत वाटतं, आणि 'आता वर घ्या' म्हटल्यावर सगळ्यांचे चेहरे उतरतात.

सह्याद्रीत आणखी एक भानगड आहे. इथला काठ नुसता बेसॉल्टचा नसतो. वर गवत, मुरूम, सुटे धोंडे असतात. 28 जुलै 2018 रोजी पोलादपूरजवळ आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली, तेव्हा महाबळेश्वर आणि आसपासचे ट्रेकर दोर लावून खाली उतरले होते. भर पावसाळ्यातल्या अशा घाटात दोर काठावर इकडेतिकडे सरकला की दगड सुटतात, आणि ते खालच्या आपल्याच माणसांच्या डोक्यावर जातात.

यावर उपाय म्हणजे दोराला काठाच्या वर, हवेत आधार देणं. झाड असेल तर उत्तम, पण कड्याच्या टोकावर हवं तिथे झाड कुठून आणणार? म्हणून पाठीवर वाहून नेता येणाऱ्या घोड्या, म्हणजे पाय जोडून उभ्या करायच्या चौकटी, आल्या. ॲल्युमिनियमचे पाय तुकड्यांत येतात, ते खिळीने कमी-जास्त लांब करता येतात आणि वर डोक्यात अडकवता येतात. 'ॲरिझोना व्हॉर्टेक्स' ही त्यातली नावाजलेली. तीन पायांवर, दोन पायांवर, इतकंच काय, एका पायावरही ती उभी करता येते.

बघणाऱ्याला वाटतं, घोडी वजन पेलायला असते. भार पेलतात ते मागे कातळात किंवा झाडाला बांधलेले दोर. घोडीचं काम फक्त दोराला उंचावर वळण देण्याचं. पण दोर वळला की तो घोडीला ढकलतो, आणि कोणत्या दिशेने ढकलतो यावरच ती उभी राहणार की पडणार हे ठरतं.

शाळेतला कोनदुभाजक इथे कामाला येतो. घोडीच्या डोक्याला टांगलेल्या कप्पीवरून दोराचे दोन पदर निघतात: एक खाली भाराकडे, एक मागे ओढणाऱ्यांकडे. दोन्हींत ताण साधारण सारखाच, म्हणून परिणामी बल त्यांच्यामधल्या कोनाच्या बरोब्बर मधून जातं. पदरांमध्ये 120 अंश असतील तर कप्पीवर भाराइतकंच बल येतं. 90 अंशांना 1.41 पट, 60 अंशांना 1.73 पट, आणि दोन्ही पदर समांतर खाली आले तर दुप्पट. म्हणजे 60 अंशांना 200 किलोंचं ओझं घोडीला 346 किलोंचं वाटतं.

लोणावळ्याजवळ एकदा सराव पाहायला गेलो होतो. मी मनात हे गणित मांडत बसलो. तिथल्या एका जुन्या माणसाने मात्र दोर ताणायला सांगितला, कप्पीकडे पाहिलं आणि हातातली काठी डोळ्यासमोर कप्पीच्या रोखाने तिरकी धरली. मोकळी टांगलेली कप्पी आपोआप परिणामी बलाच्या दिशेने वळते. तीच रेघ जमिनीपर्यंत वाढवली की कळतं: ती पायांच्या मधल्या जागेत टेकते की बाहेर. 'आत पडतेय, बस,' एवढं बोलून तो चहाकडे गेला.

आकड्यांत सांगायचं तर, घोडीचं डोकं 2.1 मीटर उंच आणि पुढच्या दोन पायांच्याही 30 सेंटिमीटर पुढे, दरीवर आलेलं आहे. पदरांमध्ये 60 अंश असतील तर बल उभ्या रेषेपासून 30 अंश मागे झुकतं आणि पुढच्या पायांच्या सुमारे 90 सेंटिमीटर मागे जमिनीला मिळतं. तिसरा पाय त्याहून मागे असेल तर झुकलेली घोडीही घट्ट बसते. आता तोच दोर मागे न नेता घोडीच्या पायावरच्या विंचला, म्हणजे दोर ओढणाऱ्या रहाटाला, गुंडाळा. मागची ओढ घोडीच्या आतच जिरते, उरतं ते सरळ खाली जाणारं वजन, आणि ते पायांच्या बाहेर. घोडी दरीत.

गटाराच्या मॅनहोलवर विंच लावलेली तिपाई बिनधास्त उभी राहते, कारण तिथे भार तिन्ही पायांच्या मधोमध लटकतो. बोअरमधली मोटर काढायला तीन लोखंडी पाइप बांधतात, तिथेही तेच. ती तिपाई तशीच उचलून कड्यावर नेणं ही चूक हौशी लोक हमखास करतात.

पाय फाकण्याची भीती वेगळीच. तिपाईवर 300 किलो उभा भार आला आणि पाय उभ्या रेषेपासून 25 अंश तिरके असले, तर प्रत्येक पाय जवळजवळ 47 किलोंनी बाहेर सरकू पाहतो. ओल्या कातळावर हे पुरेसं आहे. म्हणून पाय एकमेकांना पट्ट्याने बांधतात, कातळावर टोकदार बूट लावतात आणि मातीत पसरट. दोन पायांच्या घोडीला पुढे-मागे पडायला काहीच अडवत नाही, म्हणून तिला तंबूसारखे दोन्हीकडून तणावे लागतात. एका पायाच्या घोडीला सगळीकडून. तणावा जितका सपाट, तितका चांगला. पायाशी उभाच बांधलेला तणावा घोडीला सावरण्यापेक्षा खालीच दाबत बसतो.

दुसऱ्या, सुरक्षेच्या दोराबद्दल पथकांत आजही वाद झडतात. तोही घोडीवरून न्यावा की काठावर गादी घालून खालूनच ठेवावा? घोडीवरून नेला तर दोन्ही दोर एकसारखे चालतात, पण घोडी पडली तर दोन्ही एकदम सैल. मला दुसरा दोर खालून ठेवणाऱ्यांचं पटतं, पण स्ट्रेचर काठावर अडतो तेव्हा शिव्या त्यांनाच पडतात.

खरी कसोटी शेवटच्या मीटरभरात लागते. स्ट्रेचर काठाच्या वर येतो, दोघं त्याला हाताने आत ओढतात, तो जमिनीला टेकतो. त्या क्षणी दोर सैल होतो आणि घोडीला मागे दाबून धरणारं बल नाहीसं होतं. पुढे झुकलेल्या घोडीला आता फक्त स्वतःचं वजन उरतं, आणि तिच्याखाली, काठावर, माणसं वाकलेली असतात. म्हणून मागचा तणावा तेव्हाही ताठच असतो, आणि सगळे काठापासून मागे येईपर्यंत त्याच्या गाठीला कोणी हात लावत नाही.