गाडीत बंदूक, डिकीत कोयता: परवाना कशाला लागतो, कागद कोणते आणि रस्त्यावर काय चालते

"गाडयेत बंदूक ठेवूची आसा, त्येचो परवानो खंय गावता?"

अर्ज भरून द्यायचे काम करणाऱ्याला हा प्रश्न अधूनमधून येतोच. विचारणारा बहुधा काजूचा बागायतदार असतो, नाहीतर मजुरांचे पगार रोखीने घेऊन फिरणारा ठेकेदार. उत्तर ऐकून दोघांचीही निराशा होते, कारण असा परवाना निघतच नाही. शस्त्र अधिनियम १९५९ खाली मिळणारा परवाना माणसाच्या नावावर असतो. त्यात हत्यार कोणते, कशासाठी आणि कोणत्या हद्दीत हे लिहिलेले असते. गाडीचा नंबर कुठेच येत नाही. परवानाधारकाला बंदूक गाडीतून नेता येते. ती डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकून जेवायला उतरता येत नाही. बाकीचे बरेचसे नियम या एका गोष्टीतूनच निघतात.

अर्ज कोण करू शकतो

वय २१ पूर्ण हवे. नेमबाजी शिकणाऱ्या मुलांसाठी वेगळी तरतूद आहे, तिचा इथे संबंध नाही. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झाली असेल तर ती भोगून संपल्यावर पाच वर्षे अर्ज करता येत नाही. शांतता राखण्याचा किंवा चांगल्या वर्तणुकीचा बाँड चालू असेपर्यंतही नाही. मानसिक स्थिती ठीक नसेल तर परवाना नाकारायचाच असतो. मात्र जमीनजुमला नाही एवढ्याच कारणावरून अर्ज नाकारता येत नाही, असे कायद्यात स्पष्ट लिहिलेले आहे. "सात-बारा नाही तर फॉर्म भरूच नका" असे कोणी काउंटरवर सांगितले तर कलम १४ दाखवावे.

खरा कस लागतो तो कारणाचा. शेती संरक्षणासाठी ठासणीची बंदूक किंवा संरक्षणासाठी किमान २० इंच नळीची बाराबोअर मागितली, तर कायद्याची भाषा त्यातल्या त्यात मवाळ आहे. रिव्हॉल्व्हर, पिस्तूल मागितले की "सबळ कारण" दाखवावे लागते. "रात्री घाटातून यावे लागते" हे कारण अर्जात लिहिणारे पुष्कळ आहेत आणि त्यातल्या बहुतेकांचे अर्ज तिथेच अडतात. घाट सगळ्यांनाच लागतो. धमकी आली असेल तर तिची पोलीस ठाण्यातली नोंद, पूर्वी लूट झाली असेल तर प्रथम खबरी अहवालाची प्रत, रोख वाहावी लागत असेल तर व्यवसायाची नोंदणी आणि आयकर विवरणपत्रे, असे काहीतरी कागदावर दिसायला हवे. शेती संरक्षणासाठी सात-बारा आणि रानडुक्कर-माकडांनी केलेल्या नुकसानीचे पंचनामे लावावेत. पंचनामा त्या त्या वेळी करून घेतलेला असेल तरच उपयोगी पडतो. अर्जाच्या आठवड्यात गोळा केलेले तीन जुने पंचनामे तपासणाऱ्याच्या लगेच लक्षात येतात.

कागद

शस्त्र नियम २०१६ प्रमाणे वैयक्तिक अर्ज नमुना ए-१ मध्ये भरायचा. सोबत पांढऱ्या पार्श्वभूमीचे चार फोटो, जन्मतारखेचा पुरावा, आधार किंवा ते नसल्यास तसे निवेदन देऊन दुसरे ओळखपत्र, आणि रहिवासाचा पुरावा. याशिवाय दोन कागद असे आहेत की लोक ते शेवटच्या दिवसावर ढकलतात. पहिला वैद्यकीय दाखला. त्यात शारीरिक आणि मानसिक तंदुरुस्ती तर हवीच, शिवाय अर्जदार दारू किंवा अमली पदार्थांच्या आहारी गेलेला नाही हेही स्पष्ट लिहिलेले हवे. नेहमीचा "फिट" असा दाखला चालत नाही. दुसरे हमीपत्र, हत्यार सुरक्षित ठेवायची सोय आपल्याकडे आहे याचे. इथे घरातले कुलूपबंद कपाट अपेक्षित आहे. एकाने या रकान्यात "बोलेरोचा मागचा बॉक्स" असे लिहून आणले होते. मी ते खोडायला लावले.

हत्यार सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्रही लागते. ते मान्यताप्राप्त प्रशिक्षकाकडूनच घ्यायचे.

अर्ज कुठे जातो

मुंबई, पुणे, नागपूर, ठाणे अशा पोलीस आयुक्तालयांच्या हद्दीत परवाना देणारे अधिकारी म्हणजे पोलीस आयुक्त. बाकी जिल्ह्यांत जिल्हाधिकारी, म्हणजे जिल्हादंडाधिकारी. अर्ज केंद्रीय गृह मंत्रालयाच्या शस्त्र परवाना प्रणालीवर ऑनलाइन भरून त्याची प्रत कागदांसह त्याच कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत द्यायची. तिथून तो चौकशीसाठी तुमच्या पोलीस ठाण्यात येतो. हवालदार घरी येतो, शेजाऱ्यांना विचारतो, पोलीस पाटलाचे म्हणणे घेतो, भाऊबंदकीचा वाद आहे का ते बघतो. बांधावरून चुलत्याशी भांडण चालू असेल तर ते लपवू नये, ते निघतेच. लपवल्याचे कळले की भांडणापेक्षा लपवल्याचाच जास्त परिणाम होतो.

पोलीस अहवालासाठी नियमात ३० दिवस आहेत आणि अहवाल आल्यावर निर्णयासाठी ६०. प्रत्यक्षात फाईल हलत नसेल तर लेखी विचारणा करावी आणि पोच घ्यावी. नकार आला तर कारणे लेखी मागता येतात. अपील ३० दिवसांच्या आत करावे लागते.

मंजूर झालेला परवाना पाच वर्षांचा असतो. २०१९ च्या दुरुस्तीआधी तो तीन वर्षांचा होता. त्याच दुरुस्तीने एका माणसाकडे जास्तीत जास्त दोन अग्निशस्त्रे अशी मर्यादा आणली. त्याआधी तीन चालत. परवान्यावर विशिष्ट ओळख क्रमांक आहे ना ते बघा. राष्ट्रीय डेटाबेसमधला हा क्रमांक नसलेला जुना, आजोबांच्या काळातला पुस्तकी परवाना आता ग्राह्य धरत नाहीत. नूतनीकरण मुदतीच्या दोन महिने आधी सुरू करावे. मुदत संपलेला परवाना आणि घरात बंदूक म्हणजे विनापरवाना बंदूकच, आणि त्याला २०१९ पासून किमान दोन वर्षे, कमाल पाच वर्षे कैद आहे.

गाडीतून नेताना

२०१६ च्या नियमांतला ३२ क्रमांकाचा नियम गाडीवाल्यांनी पाठच करावा. सार्वजनिक जागी पिस्तूल-रिव्हॉल्व्हर न्यायचे तर अंगाला बांधलेल्या होल्स्टरमध्ये किंवा पिशवीत. लांब बंदूक असेल तर तिच्यासाठी बनवलेल्या पिशवीत. दोन्ही वेळा हत्यार पूर्ण झाकलेले हवे आणि नेणाऱ्याचा त्यावर प्रत्यक्ष ताबा हवा. "ताबा" या शब्दापाशी गाडीतली बरीच मंडळी अडकतात. सीटखाली सरकवलेले पिस्तूल आणि चहाच्या टपरीवर उभा असलेला मालक, यात ताबा कुठे राहिला? काच फोडून हत्यार गेले तर चोराबरोबर मालकाचीही चौकशी होते. परवाना रद्दही होऊ शकतो. चोरी किंवा गहाळ झाल्याची खबर जवळच्या ठाण्यात ताबडतोब द्यायची, ही परवान्याचीच अट आहे. "आधी शोधून बघू" म्हणत दोन दिवस घालवले तर ते दोन दिवस पुढे फार महाग पडतात.

जत्रा, मिरवणूक, सभा, शाळा-कॉलेजचे आवार इथे खास परवानगीशिवाय हत्यार न्यायचे नाही. देवीच्या जत्रेला जाताना बंदूक गाडीत असली तरी ती जत्रेतच आहे असे धरा. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणे हा आता वेगळा गुन्हा आहे: दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

ड्रायव्हरचे काय? मालक गाडीत असेल तर बंदूक ड्रायव्हरच्या हातात दिलेली चालते. मालक नसेल तर दुरुस्तीसाठी, नूतनीकरणासाठी किंवा मालकाच्या वापरासाठी नेताना त्याच्याजवळ मालकाचे लेखी अधिकारपत्र हवे. तोंडी "साहेबांची आहे" याला किंमत नाही.

मग हद्द. परवान्यावर क्षेत्र लिहिलेले असते, ते नीट वाचा. सिंधुदुर्गातला माणूस शुक्रवारच्या बाजाराला म्हापशाला सहज जातो. बांदा सोडून पत्रादेवी आली की राज्य बदलते, हे त्याच्या ध्यानीमनीही नसते. क्षेत्र महाराष्ट्रापुरते असेल तर तिथून पुढे तो विनापरवाना आहे. जायचेच असेल तर आधी क्षेत्रवाढ मागावी, नाहीतर बंदूक घरच्या कपाटात ठेवावी. परवान्यावरच्या पत्त्यापासून सलग ३० दिवसांपेक्षा जास्त दिवस हत्यारासह दुसरीकडे राहणार असाल तर तेही कळवावे लागते. मुंबईचे चाकरमानी गावची बंदूक घेऊन जातात तेव्हा हे हमखास राहते.

नाक्यावर पोलिसाने परवाना मागितला तर दाखवणे बंधनकारक आहे. कलम २३ खाली त्याला गाडी थांबवून झडती घेता येते, आणि हत्यार बेकायदा निघाले तर हत्यारासोबत गाडीही जप्त करता येते. गाडी थांबली की आधी तोंडाने सांगावे, "माझ्याकडे परवान्याचे हत्यार आहे," आणि हात स्टिअरिंगवर ठेवावेत. सांगायच्या आधी कागद काढायला पिशवीत हात घालू नये.

जंगलातल्या रस्त्याचा नियम वेगळा. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ प्रमाणे अभयारण्यात मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी परवानगीशिवाय हत्यार नेता येत नाही. परतवाड्याहून धारणीकडे जाणारा रस्ता सेमाडोह, हरिसालवरून मेळघाटातून जातो. तिथे "मी फक्त पलीकडे चाललोय" हे उत्तर वन खात्याच्या नाक्यावर पुरेल असे धरून निघू नका. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाला वन्यजीव विभागाकडे नावही नोंदवावे लागते. तिथे नवा परवाना निघायलाही त्यांची संमती लागते.

निवडणूक लागली की ठाण्यातून हत्यार जमा करण्याची नोटीस येऊ शकते. कोणाचे जमा करायचे हे छाननी समिती ठरवते. जामिनावर असलेले, गुन्ह्याची पार्श्वभूमी असलेले, दंग्यात नाव आलेले यांचा नंबर आधी लागतो. जमा करताना पावती घ्या आणि तिचा फोटो काढून ठेवा. निकालानंतर बंदूक परत आणायला तीच लागते.

डिकीतल्या बाकीच्या वस्तू

परवाना नको म्हणून लोक दुसरे काहीतरी ठेवतात. त्यातली चूक जास्त महाग पडते, कारण ती चूक आहे हेच माहीत नसते.

कोयता घ्या. नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार हत्यारे शस्त्र नियमांच्या यादीत येतात. शेतीच्या, घरगुती कामाच्या वस्तू त्यातून वगळल्या आहेत. बागेत निघालेल्या जीपमध्ये दोरी, पाटी आणि कोयता असेल तर कोणी काही म्हणत नाही. तोच कोयता रात्री अकरा वाजता पुण्यात कारच्या सीटखाली सापडला तर तो शेतीचा आहे हे तुम्हालाच पटवून द्यावे लागेल. पेपरात "आर्म्स ॲक्ट कलम ४ (२५) सह महाराष्ट्र पोलीस अधिनियम ३७ (१) (३) व १३५" असे वाचतो ना, ते हेच.

यातले कलम ३७ (१) गाडीवाल्यांनी ओळखून असावे. या कलमाखाली बंदीआदेश निघतो तेव्हा काठ्या, लाठ्या, सोटे, दगडसुद्धा बाळगायला मनाई करता येते. सणासुदीला, आंदोलनांच्या काळात हे आदेश पंधरा-पंधरा दिवसांचे निघत राहतात. म्हणून "सेफ्टीसाठी" ठेवलेली बेसबॉलची बॅट नको. ज्याच्या गाडीत बॅट आहे पण चेंडू नाही, त्याला पोलीस पहिला प्रश्न चेंडूचाच विचारतो.

छऱ्याची एअरगन ०.१७७ बोअरपर्यंतची आणि २० ज्यूलच्या आत ताकदीची असेल तर परवाना लागत नाही. पण लांबून ती बंदूकच दिसते, म्हणून झाकून न्या, खरेदीची पावती जवळ ठेवा. तिने पाखरे मारणे हा वन्यजीव कायद्याचा विषय होतो. मिरीच्या स्प्रेला परवाना लागत नाही. फक्त तो उन्हात तापणाऱ्या डॅशबोर्डवर ठेवू नका.

टॉमी, जॅक, व्हील पाना ही हत्यारे नव्हेत. स्टेपनीजवळ त्यांच्या जागी असली तर प्रश्न येत नाही. टॉमी ड्रायव्हरच्या दाराच्या खणात आली की येतो.

आणि जे गाडीत असायलाच हवे ते बहुतेकांच्या गाडीत पॅकिंगमध्ये पडून असते. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे नव्या चारचाकीबरोबर परावर्तक त्रिकोण आणि प्रथमोपचार पेटी मिळायला हवी. डिलिव्हरी घेताना त्या मोजून घ्या. सोबत टॉर्च, टोचनाची दोरी, जम्पर केबल, काच फोडायची हातोडी, पिण्याचे पाणी आणि छोटे अग्निशामक ठेवावे. यातल्या कशालाच परवाना लागत नाही. फोनमध्ये ११२ लक्षात असतोच, रुग्णवाहिकेचा १०८ आणि राष्ट्रीय महामार्गाचा १०३३ हेही साठवा.

त्रिकोण एकदा दिवसाउजेडी उघडून, जोडून बघा. पाय मागच्या बाजूला दुमडलेले असतात आणि वरच्या दोन पट्ट्यांच्या टोकाला खटका असतो. पावसात, करूळ घाटाच्या वळणावर, मोबाईलच्या उजेडात तो खटका पहिल्यांदा शोधायची वेळ येऊ नये. गाडीच्या बरेच मागे, वळणाच्या अलीकडे ठेवायचा, म्हणजे येणाऱ्याला गाडी दिसायच्या आधी तो दिसतो.