पाच फण्यांचा नाग आणि चौसष्ट अंक

नागपंचमी जवळ आली की नागपुरातून पचमढीच्या नागद्वार यात्रेला जाणाऱ्यांची गर्दी वाढते, आणि तिच्याबरोबर पाच फण्यांच्या नागाचे छायाचित्रही मोबाइलवर फिरू लागते. आमच्या वस्तीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ते आले तेव्हा मी ते गूगल लेन्समध्ये टाकून पाहिले. तेच गवत, तेच वेटोळे, पण एकाच फण्याचे जुने छायाचित्र समोर आले. संगणकाने नाग ओळखला, असे यावर अनेकांना वाटते. वास्तविक, एवढ्या कामासाठी नाग ओळखण्याची गरजच नसते.

चित्रावरून चित्र शोधण्याची सोय टिनआय या संकेतस्थळाने 2008 मध्ये आणि गूगलने 2011 मध्ये दिली. असा शोध घेण्याची एक साधी, आणि मला सर्वांत देखणी वाटणारी, रीत अशी आहे. चित्रातले रंग काढून ते इतके लहान करायचे की आडवे 9 आणि उभे 8 असे केवळ 72 करडे चौकोन उरतील. मग प्रत्येक ओळीतल्या चौकोनाची उजवीकडच्या शेजाऱ्याशी तुलना करायची. डावा अधिक उजळ असेल तर 1, नसेल तर 0. ओळीला आठ तुलना, ओळी आठ, म्हणजे 64 अंकांचा ठसा तयार होतो. छायाचित्र उजळ केले तर दोन्ही शेजारी एकदमच उजळतात, त्यामुळे त्यांच्यातला थोरला-धाकटा सहसा बदलत नाही. फॉरवर्ड होताना चित्राची प्रत खालावते, पण गेलेले बारकावे आपण आधीच टाकून दिलेले असतात. दोन ठसे किती जागी वेगळे आहेत हे मोजले की झाले. या संख्येला हॅमिंग अंतर म्हणतात. असंबद्ध चित्रांत ते 32 च्या आसपास येते, तर चार फणे चिकटवल्याने फण्यांभोवतीचे थोडेच अंक बदलतात.

आरशातल्यासारखे उलटवलेले किंवा अर्धे कापलेले चित्र मात्र या रीतीला चकवते. म्हणून आता न्यूरल नेटवर्क, म्हणजे असंख्य उदाहरणांवरून शिकलेली संगणकप्रणाली, प्रत्येक चित्राचे शेकडो संख्यांत रूपांतर करते, जणू प्रत्येक चित्र एक बिंदूच; या संख्यांच्या अवकाशात संत्र्याची चित्रे एकमेकांजवळ, मोसंबीची थोडी पलीकडे पडतात, आणि कोट्यवधी बिंदूंचे आधीच गट पाडलेले असल्यामुळे शोध फक्त जवळच्या गटांतच घ्यावा लागतो.

मी दोन्ही छायाचित्रे ग्रुपवर शेजारी शेजारी टाकली, तेव्हा एका काकांनी विचारले, “मूळ चित्रातले चार फणे कोणी पुसले?” प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. हे साधन साम्य सांगते, आधीचे कोणते ते सांगत नाही. टिनआय जुन्यात जुनी नोंद वर आणून देते, पण त्या नोंदीची तारीख चित्र टिनआयच्या यंत्रणेला प्रथम सापडल्याची असते, काढल्याची नव्हे. आणि पुढच्या श्रावणात कृत्रिम बुद्धिमत्तेने रंगवलेला नाग आला, तर त्याचे एका फण्याचे मूळ कुठेच सापडणार नाही.