२०१८ ची अमेरिकन मध्यावधी आणि त्यामागची दारोदारची पायपीट

२०१८ ची अमेरिकेतली मध्यावधी निवडणूक (अध्यक्षाच्या चार वर्षांच्या मधोमध काँग्रेससाठी, म्हणजे तिकडच्या संसदेसाठी होणारी) म्हटली की लोकांना ट्रम्पवरचा राग आठवतो, आणि तो होताच, पण नुसत्या रागाने मतपेट्या भरत नाहीत. २०१४ च्या मध्यावधीला पात्र लोकांपैकी जेमतेम ३६-३७ टक्क्यांनी मत दिलं होतं, दुसऱ्या महायुद्धानंतरचं सगळ्यात कमी. चारच वर्षांनी तो आकडा ५० च्या आसपास पोचला, मध्यावधीला एवढं मतदान शंभर वर्षांत झालं नव्हतं. १८ ते २९ वयाची पोरं तर जनगणना खात्याच्या हिशोबाने २० टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर गेली. हे कसं झालं ते समजायला बरंच मागे जावं लागतं.

आधी तिकडची पद्धत. आपल्याकडे बीएलओ घरी येऊन नावं तपासतो आणि मतदानाला भरपगारी सुट्टी असते. अमेरिकेत अनेक राज्यांत नाव नोंदवायची जबाबदारी मतदाराचीच, घर बदललं की पुन्हा नोंदवा, काही राज्यांत तर मतदानाच्या महिनाभर आधी नोंदणी बंद. मतदान मंगळवारी, १८४५ पासून, शेतकरी घोडागाडीने तालुक्याच्या गावी यायचा तेव्हाची सोय. आज तो कामाचा दिवस आहे आणि दोन शिफ्ट करणाऱ्या बाईने लाईनीत कधी उभं राहायचं? म्हणून तिकडे 'ग्रासरूट्स' म्हणजे नुसत्या सभा आणि झेंडे नाहीत, आधी फॉर्म भरून घेणं, मग फोन, मग दारावर जाणं, मग त्या दिवशी गाडीत घालून नेणं.

ही शिस्त आली नागरी हक्क चळवळीतून. १९६४ च्या उन्हाळ्यात मिसिसिपीमध्ये काळ्या लोकांची नावं नोंदवायला शेकडो तरुण गेले, त्यातले तिघे मारले गेले. फॅनी लू हेमर ही कापसाच्या शेतात राबणारी बाई, नाव नोंदवायला गेली म्हणून मळ्यावरून हाकलली गेली, जेलमध्ये मार खाल्ला. मार्च १९६५ मध्ये अलाबामातल्या सेल्माच्या पुलावर मोर्चावर लाठ्या पडल्या, ते टीव्हीवर देशाने बघितलं आणि ऑगस्टमध्ये मतदान हक्क कायदा आला. ज्या राज्यांचा इतिहास वाईट होता त्यांना मतदानाचे नियम बदलायच्या आधी केंद्राची परवानगी लागायची, हा त्या कायद्याचा कणा होता. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने कुणाला परवानगी लागणार हे ठरवणारं सूत्रच रद्द केलं, शेल्बी काउंटीच्या खटल्यात, आणि ही काउंटी पण अलाबामातलीच. त्यानंतर दक्षिणेत नियम भराभर कडक होत गेले, ओळखपत्र अमुकच पाहिजे, मतदान केंद्रं बंद, यादीतून नावं गायब.

त्याच सुमारास जॉर्जियात डेमोक्रॅटिक पक्षाच्या (ट्रम्पच्या रिपब्लिकन पक्षाचा विरोधक) स्टेसी अब्राम्स यांनी नाव नोंदणीची संस्था काढली. त्यांचं म्हणणं सरळ होतं की पक्ष दर वेळी काठावरच्या गोऱ्या मतदाराच्या मागे धावतो आणि जो कधी मतदानालाच येत नाही त्याच्या दारावर कुणी जातच नाही. मला वाटतं २०१८ चं अर्धं गुपित या एका वाक्यात आहे.

उरलेलं अर्धं २०१६ नंतरचं. डेमोक्रॅटिक पक्षाच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी लढलेले डावे नेते बर्नी सँडर्स हरले, पण छोट्या छोट्या देणग्यांवर देशभर प्रचार चालतो हे दिसलं आणि त्यांच्या कॅम्पेनमधली माणसं घरी बसली नाहीत. जानेवारी २०१७ मध्ये बायकांचे प्रचंड मोर्चे निघाले, आणि मोर्चानंतर त्याच बायका आपापल्या गावात दिवाणखान्यात जमायला लागल्या, लोकप्रतिनिधीच्या सभेत जाऊन आरोग्य विम्यावर प्रश्न विचारायला लागल्या, त्यातल्या कित्येक पुढे स्वतः उभ्या राहिल्या. नोव्हेंबर २०१७ मध्ये व्हर्जिनियाच्या विधानसभेत डेमोक्रॅट्सनी १५ जागा खेचल्या. एका जागेवर दोघांना ११,६०८ अशी अगदी सारखी मतं पडली, शेवटी वाडग्यातून चिठ्ठी काढली, रिपब्लिकन उमेदवाराचं नाव निघालं आणि सभागृहाचं बहुमत त्या चिठ्ठीने ठरलं, ५१-४९. एका मताने काय होतं म्हणणाऱ्याला मी हीच गोष्ट सांगते. डिसेंबर २०१७ मध्ये अलाबामात, सेल्मा आणि शेल्बीच्या त्याच राज्यात, डग जोन्स सुमारे २२ हजार मतांनी सिनेटवर, म्हणजे काँग्रेसच्या वरच्या सभागृहावर निवडून आले, पंचवीस वर्षांनी तिथे डेमोक्रॅट जिंकला आणि तो काळ्या बायकांच्या मतदानावर जिंकला.

मग जून २०१८. न्यूयॉर्कच्या क्वीन्स-ब्राँक्समध्ये अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्टेझ, वय २८, बारमध्ये काम केलेली, हिने वीस वर्षं खासदार असलेल्या जो क्राउली यांना प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत हरवलं. क्राउलींसमोर २००४ नंतर पक्षातून कुणी उभंच राहिलं नव्हतं. सुमारे ७ लाख लोकवस्तीच्या त्या मतदारसंघात एकूण मतं पडली ३० हजारांच्या आत! इतक्या कमी मतदानात काही हजार नवी माणसं दारातून बाहेर काढली की खुर्ची हलते, हे तिच्या टीमला बरोबर कळलं होतं. बॉस्टनकडे आयाना प्रेस्ली, मिनेसोटात इल्हान ओमर, डेट्रॉइटला रशिदा तलैब, यांनीही आपल्या प्रायमऱ्या त्याच उन्हाळ्यात जिंकल्या.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी कारण आपल्या पुरोगामी बाजूचे लोक ती टाळतात. नोव्हेंबरमध्ये डेमोक्रॅट्सनी प्रतिनिधीगृहात (काँग्रेसच्या खालच्या सभागृहात) ४० च्या आसपास जागा वाढवल्या, पण रिपब्लिकनांकडून हिसकावलेल्या बहुतेक जागा शहराबाहेरच्या उपनगरांतल्या आणि तिथे जिंकलेले उमेदवार बरेचसे मवाळ होते. डाव्या बाजूचे मोठे चेहरे आधीच सुरक्षित असलेल्या जागांवरून आले. तरी काँग्रेसमधल्या पुरोगामी खासदारांच्या गटाची संख्या नव्वदीच्या पुढे गेली, शरीस डेव्हिड्स आणि डेब हालंड या मूळनिवासी समाजातल्या पहिल्या दोन स्त्रिया काँग्रेसमध्ये पोचल्या, आणि आयडाहो, नेब्रास्का, युटा अशा कट्टर रिपब्लिकन राज्यांत लोकांनी थेट मतदान करून गरिबांचा मेडिकेड विमा वाढवून घेतला, जो त्यांचे आमदार वर्षानुवर्षं अडवून बसले होते. हरलेल्यांनीही जमीन नांगरून ठेवली, अब्राम्स जॉर्जियाच्या गव्हर्नरपदाच्या (राज्याच्या प्रमुखपदाच्या) निवडणुकीत सुमारे ५५ हजार मतांनी पडल्या, आणि दोन वर्षांनी जॉर्जिया डेमोक्रॅट्सकडे फिरलं ते याच याद्यांवर.

आपल्या माणसांसाठी एक धागा. मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत त्या वर्षी बेळगावचे श्री ठाणेदार उभे होते, पुरोगामी म्हणून, स्वतःचे लाखो डॉलर घालून, टीव्हीवर सतत जाहिराती. तिसरे आले. मग २०२० ला डेट्रॉइटमधून आमदार झाले आणि २०२२ ला काँग्रेसमध्ये गेले.

पण मला सगळ्यात मोठा वाटतो फ्लोरिडाचा निकाल. तिथे गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेल्याला शिक्षा भोगून झाल्यावरही मत नव्हतं, अशी सुमारे १४ लाख माणसं. डेस्मंड मीड स्वतः त्यातलेच, एकेकाळी बेघर, पुढे कायद्याची पदवी घेतली. त्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी वर्षानुवर्षं फिरून साडेसात लाखांच्या वर सह्या गोळा केल्या, त्यांना मत परत द्यायचं का हा प्रश्न मतपत्रिकेवर आणला. मंजुरीला ६० टक्के लागत होते, मिळाले ६४ च्या वर, म्हणजे ट्रम्पच्या कित्येक मतदारांनीही हो म्हटलं. ८ जानेवारी २०१९ ला मीड यांनी ऑर्लँडोत आपलं नाव नोंदवलं. त्याच वर्षी तिथल्या विधिमंडळाने कायदा केला की कोर्टाचा दंड आणि फी पूर्ण भरल्याशिवाय मत नाही, आणि कुणाची किती बाकी आहे याची एक धड यादी राज्याकडेच नव्हती. मग मीड यांच्या संघटनेने लोकांचे दंड भरायला देणग्या मागायला सुरुवात केली.