मार्चमध्ये लावलेला बटाटा नुसता पाला का देतो?

व्हॉट्सअ‍ॅपवर तो व्हिडिओ परत फिरायला लागलाय, पोत्यात चार बटाटे लावा आणि पोतंभर काढा. सांगलीत बऱ्याच जणांनी मार्चमध्ये लावले, पाला असा माजला की बघत राहावं, आणि खाली निघाल्या गोट्या. आता सगळे म्हणतायत खत कमी पडलं. खताचं काय नाही हो, रात्री गरम होत्या.

बटाटा म्हणजे मूळ नाही, खोड, हे शाळेत झालंय. मातीतल्या खोडाला आडव्या फांद्या फुटतात, त्यांची टोकं फुगली की बटाटा. पण गंमत अशी की फुगायचं की नाही हे टोक ठरवतच नाही, वर उन्हात असलेली पानं ठरवतात! रात्र लांब आणि गार असली की पानात एसपी६ए नावाचं प्रोटीन बनतं आणि ते अन्नरसाच्या नळ्यांमधून खाली टोकापर्यंत जातं. २०११ साली हे प्रोटीन सापडलं, आणि ते निघालं फुलं आणणाऱ्या एफटी प्रोटीनचं चुलत भावंड. त्याच्या कितीतरी आधी चैलाख्यान या सोव्हिएत शास्त्रज्ञानं बटाट्याच्या बुंध्यावर तंबाखूचं कलम केलं होतं, वर तंबाखू फुलायला लागली की खाली बटाटे धरायचे. म्हणजे पानातनं येणारा निरोप दोघांनाही कळतो.

आता बटाट्याचं मूळ घर म्हणजे दक्षिण अमेरिकेतले अँडीज डोंगर, तिथल्या मूळच्या जातींना लांब रात्रच लागते, आणि युरोपातल्या लांब दिवसांत बटाटा धरायला लागला तो सीडीएफ१ या जनुकातल्या बदलामुळं, म्हणजे हे जनुक एसपी६ए वरचा ब्रेक काढतं... असो, इथं फाटे फार फुटतात. आपल्याकडं उन्हाळ्यातही दिवस १३ तासांच्या आसपासच, त्यामुळं आपली अडचण उष्णतेची. रात्र २० अंशांच्या बरीच वर राहिली की एसपी६ए कमी पडतं, शिवाय दिवसा कमावलेली साखर झाड रात्री श्वासातच उडवतं. युरिया घातला तर पाला अजून वाढेल, एवढंच.

रात्रीचा संबंध निघाला म्हणून कुणी अमावस्येला लावायचा सल्ला देईल, तो ऐकू नका. पंचांगापेक्षा थर्मामीटर बघा. सातारा जिल्ह्यात पुसेगावकडं पावसाळ्यातही बटाटा होतो कारण तिकडं हवा गार, आपण सांगलीकरांनी ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरमध्ये लावावा.

झाड वीतभर झालं की मातीची भर द्या, उघडा पडलेला बटाटा हिरवा होतो. हिरवा रंग निरुपद्रवी, पण त्याच उजेडानं सोलॅनिन नावाचं विषही वाढतं आणि ते शिजवून जात नाही, म्हणून हिरवा भाग खोलवर कापून काढा आणि कडू लागला तर अख्खा बटाटाच टाकून द्या.