एकाच नावाची दोन ग्राफिक्स कार्डं: लॅपटॉप आणि डेस्कटॉपमधली दरी कुठून आली

एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५०९० या नावाखाली आज दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. डेस्कटॉपच्या कार्डात जीबी २०२ ही चिप, २१,७६० कोर (चित्राची आकडेमोड करणारे छोटे घटक), ३२ जीबी मेमरी आणि ५७५ वॅटची मर्यादा. लॅपटॉपमध्ये जीबी २०३, १०,४९६ कोर, २४ जीबी मेमरी आणि ९५ ते १५० वॅट. जीबी २०३ ही डेस्कटॉपच्या ५०८० मधली चिप. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, शेजारशेजारच्या दोन काचांमागे आकडा एकच लिहिलेला असला, तरी लॅपटॉपवाल्याच्या पदरात निम्म्याहून कमी कोर आणि जेमतेम पाव वीज पडते. यात नाइलाज किती आणि नावाची चलाखी किती, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

आधी नाइलाज. चिपला लागणारी वीज ढोबळमानाने क्लॉकच्या, म्हणजे चिपच्या ठोक्यांच्या वेगाच्या, पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. क्लॉक चढवायचा तर व्होल्टेजही चढवावं लागतं, त्यामुळे वेगाचा शेवटचा टप्पा सगळ्यात महाग पडतो. हीच गोष्ट लॅपटॉपच्या पथ्यावरही पडते, कारण वीज निम्मी केली म्हणून वेग निम्मा होत नाही. मोठी चिप घ्यायची आणि सावकाश चालवायची, ही लॅपटॉपवाल्यांची जुनी युक्ती.

एनव्हिडियाने २००० साली जीफोर्स २ गो आणली, तेव्हापासून बरीच वर्षं लॅपटॉपच्या चिपला निदान वेगळं नाव तरी असायचं: आधी 'गो', मग आकड्यामागे 'एम'. २००४ मध्ये एमएक्सएम हा प्रकार आला. यात ग्राफिक्स छोट्या वेगळ्या बोर्डावर असायचं, त्यामुळे निदान कागदावर तरी ते बदलता यायचं. प्रत्यक्षात हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) आणि बायोस (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) जुळले तरच ते चालायचं, आणि ते क्वचितच जुळत. पुढे चिप थेट मदरबोर्डवर सोल्डर होऊ लागली. आज लॅपटॉपचं ग्राफिक्स गेलं की अख्खा बोर्ड बदलायचा.

सोल्डरचा एक धडा २००८ मध्ये मिळाला. लॅपटॉपमधल्या काही चिप्सच्या पॅकेजमध्ये, म्हणजे चिपभोवतीच्या बांधणीत, वापरलेलं मटेरियल कमकुवत निघालं आणि त्यासाठी एनव्हिडियाने १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढून ठेवले. चिप तापते, निवते, पुन्हा तापते. लॅपटॉपमध्ये हे चक्र डेस्कटॉपपेक्षा तीव्र असतं, म्हणून सिलिकॉन आणि त्याखालची पट्टी यांच्यामधले बारीक सोल्डरचे ठिपके तडकत. स्क्रीनवर रेघा येत, मग स्क्रीन काळी. त्यावर दुरुस्तीवाले रिबॉलिंग करून देत. रिबॉलिंगमध्ये बदलतात ते पॅकेजच्या खालचे गोळे; तडा मात्र पॅकेजच्या आत. भट्टीच्या उष्णतेने आतला तडा तात्पुरता जुळायचा, लॅपटॉप सुरू व्हायचा आणि काही दिवसांनी परत दुकानात यायचा. हीट गन मारून 'चालू करून' दिलेल्या जुन्या लॅपटॉपकडे आजही संशयानेच पाहावं.

नावाची चलाखी त्याच सुमारास रुळली. २०१० चं डेस्कटॉपचं जीटीएक्स ४८० म्हणजे ४८० कोर, २५० वॅट. त्याच वर्षीच्या ४८०एममध्ये चिप तीच, पण ३५२ कोर चालू, क्लॉक ७०० वरून ४२५ मेगाहर्ट्झवर आणि वीज १०० वॅट. पुढच्या पिढीत त्याहून मजा: ५८०एममध्ये डेस्कटॉपच्या ५८० ची चिपच नव्हती, ५६० टीआयची होती. पण 'एम' हे अक्षर होतं, आणि जाणकाराला तेवढं पुरायचं.

ऑगस्ट २०१६ मध्ये पास्कल पिढीबरोबर ते अक्षर गेलं, आणि त्या वेळी ते रास्तही होतं. चिप बनवण्याचं तंत्र चार वर्षं २८ नॅनोमीटरवर अडकलं होतं, ते एकदम १६ वर, म्हणजे कमी विजेत चालणाऱ्या बारीक ट्रान्झिस्टरवर, आलं होतं. लॅपटॉपच्या जीटीएक्स १०८० मध्ये डेस्कटॉपइतकेच २,५६० कोर होते. १०७० मध्ये तर २,०४८, म्हणजे डेस्कटॉपच्या १,९२० पेक्षा जास्तच, फक्त कमी क्लॉकवर. नाव आणि ताकद इतकी जवळ क्वचितच आली.

वर्षभरातच मॅक्स-क्यू ही कमी विजेवर चालणारी आवृत्ती आली. कोर तेवढेच, पण १०८० ला ९० ते ११० वॅट, म्हणजे पातळ आणि कमी आवाजाचा लॅपटॉप. निदान डब्यावर मॅक्स-क्यू लिहिलेलं असे. २०२१ मध्ये आरटीएक्स ३० मालिकेत तेही नावातून गळलं. 'आरटीएक्स ३०८० लॅपटॉप' ८० वॅटचा असू शकत होता किंवा १५० च्या वरचा, आणि दोन्हींवर स्टिकर एकच. शिवाय त्यात ६,१४४ कोर, तर डेस्कटॉपच्या ३०८० मध्ये ८,७०४. आमच्या मते खरा गोंधळ इथे सुरू झाला. त्याच वर्षी प्रतिस्पर्धी एएमडीचं आरएक्स ६८००एम आलं. त्यात 'एम' शाबूत होता, पण आत डेस्कटॉपच्या ६७०० एक्सटीची चिप. धुतल्या तांदळासारखं कुणीच नाही.

मुंबईत यात हवेची भर पडते. बहुतेक चाचण्या २१-२३ अंशांच्या खोलीत होतात. मे महिन्यात एसी नसलेल्या वन-बीएचकेत ३२-३३ अंश सहज असतात. खोली दहा अंशांनी तापली की चिपही साधारण तेवढीच वर जाते. चाचणीत ७८ अंश दाखवणारा लॅपटॉप इथे ८८ कडे सरकतो, आणि बऱ्याच लॅपटॉपमध्ये ८७ च्या आसपास वेग कापला जातो. डेस्कटॉपच्या मोठ्या हीटसिंकला एवढी वाढ सहसा पचते. दमट हवेत धूळ पंख्यामागच्या बारीक पात्यांना चिकटून नमद्यासारखी बसते, म्हणून पावसाळ्याआधी एकदा तळ उघडून साफ करावा. गादीवर लॅपटॉप ठेवला की खालची जाळी बंद होते. टेबलावर मागची बाजू दोन-तीन सेंटीमीटर उचलली तरी फरक पडतो.

घेताना पाहायचा तो वॅटचा आकडा. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन उघडलं की मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर दिसते. त्यात डायनॅमिक बूस्टचे वॅट मिळवलेले असतात. ते प्रोसेसरकडून उसने घेतलेले असतात, प्रोसेसरवर ताण आला की परत जातात. चाचणी मूळ अडॅप्टर लावूनच करावी. १०० वॅटच्या टाइप-सी चार्जरवर १४० वॅटचं ग्राफिक्स पूर्ण चालणार नाही, बॅटरीवर तर नाहीच. म्यूएक्स स्विच, म्हणजे ग्राफिक्स चिप थेट स्क्रीनला जोडणारा स्विच, आहे का तेही विचारावं. तो नसेल तर प्रत्येक फ्रेम प्रोसेसरमधल्या ग्राफिक्समधून फिरून स्क्रीनवर येते आणि हा वळसा फ्रेमरेट खातो. मग जीपीयू-झेड हे ग्राफिक्सचे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर लावून वीसेक मिनिटं गेम चालवायचा आणि वेग कशामुळे अडतोय ते पाहायचं: वीज, तापमान की व्होल्टेज.

व्होल्टेजचं उत्तर लॅपटॉपच्या ४०६० मध्ये हमखास येतं. कोर ३,०७२, म्हणजे डेस्कटॉपइतकेच, आणि मेमरीही तेवढीच ८ जीबी. कागदावर १४० वॅट छापलेले असले, तरी व्होल्टेजची कमाल मर्यादा आधी गाठली जाते आणि चिप बहुतेक गेममध्ये १००-१०५ वॅटच्या पुढे जात नाही. या कार्डात १०० वॅटचं मॉडेल स्वस्त मिळत असेल तर तेच घ्यावं, आणि उरलेल्या पैशांत रॅमची दुसरी स्टिक टाकावी.