आरएनए प्रक्रियण

आरएनए प्रक्रियण : पेशीच्या केंद्रकात डीएनएवरून उतरवून घेतलेल्या आरएनएच्या कच्च्या प्रतीवर होणारी छाटणी, जोडणी, रासायनिक खुणा, अक्षरबदल, साठवण आणि शेवटची विल्हेवाट, या सगळ्याला मिळून दिलेले नाव. शाळेच्या पुस्तकात डीएनएपासून आरएनए आणि आरएनएपासून प्रथिन असे दोन बाण काढलेले असतात आणि त्यांच्या मधली जागा कोरी असते. पेशीचे फार मोठे कष्ट त्या कोऱ्या जागेत चालतात. सांगली-मिरजेच्या दवाखान्यांत दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवायला आणावी लागणारी थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची मुले असतात. त्यांतल्या पुष्कळांच्या आजाराचे मूळही त्याच जागेत आहे.

हळद शेतातून निघाली की थेट सौद्याला लागत नाही. गड्डे आणि हळकुंडे वेगळी करायची, शिजवायची, उन्हात वाळवायची, पॉलिश करायची, मग ती सांगलीच्या मार्केट यार्डात जाते. कच्च्या आरएनएचेही तसेच असते, पण इथे खणणी चालू असतानाच शिजवण सुरू होते. आरएनए पॉलिमरेज हे विकर (एन्झाइम) डीएनएवरून पुढे सरकत असते आणि त्याच्या शेपटाला लटकून आलेली प्रथिने मागून बाहेर पडणाऱ्या धाग्यावर काम करू लागतात.

आरएनएचा धागा ए, यू, जी आणि सी या चार रासायनिक अक्षरांचा बनलेला असतो. तो वीस-तीस अक्षरांचा होतो न होतो तोच त्याच्या पुढच्या टोकाला टोपी बसते. ही टोपी म्हणजे मिथिल गट जोडलेला ग्वानोसिन, आणि तो उलट्या तोंडाने जोडलेला असतो. टोकाकडून कुरतडत येणाऱ्या विकरांना हा उलटा सांधा तोडता येत नाही, आणि पुढे रायबोसोम हा प्रथिने बांधणारा कण संदेशाची, म्हणजे प्रथिनाची कृती सांगणाऱ्या तयार आरएनएची, सुरुवात ओळखतो तीही या टोपीवरूनच. मागच्या टोकाला ए-ए-यू-ए-ए-ए ही खूण आली की तिच्या पुढे दहा ते तीस अक्षरांवर धागा कापला जातो आणि सस्तन प्राण्यांत सुमारे २०० ‘ए’ अक्षरांची शेपटी जोडली जाते. ही अक्षरे डीएनएत कुठेही लिहिलेली नसतात, पेशी ती पदरची घालते. डीएनए गुंडाळून ठेवणाऱ्या हिस्टोन प्रथिनांच्या बहुतेक संदेशांना मात्र अशी शेपटी नसते.

स्प्लायसिंग. या सगळ्या कामांत सर्वांत नाजूक हेच. जनुकात कामाचे तुकडे, म्हणजे एक्झॉन, आणि त्यांच्या मधले काढून टाकायचे तुकडे, म्हणजे इंट्रॉन, आलटून पालटून येतात. इंट्रॉन काढून एक्झॉन सांधण्याला स्प्लायसिंग म्हणतात. किती काढून टाकावे लागते याचा अंदाज डिस्ट्रॉफिन या स्नायूंच्या जनुकावरून येतो. त्याची लांबी २२ लाख अक्षरांहून जास्त आहे, आणि ७९ एक्झॉन जोडून जो संदेश उरतो तो जेमतेम १४ हजार अक्षरांचा. एक प्रत उतरायला सोळा तासांच्या आसपास लागतात.

जनुक असे तुकड्यातुकड्यांचे असेल, ही कल्पना १९७७ पर्यंत कोणी केली नव्हती. त्या वर्षी रिचर्ड रॉबर्ट्स आणि फिलिप शार्प यांच्या गटांनी अमेरिकेत, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, अ‍ॅडेनोव्हायरस या सर्दी-खोकल्याच्या विषाणूचा आरएनए त्याच्याच डीएनएशी जुळवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीखाली पाहिला. आरएनए डीएनएला सलग चिकटला नाही, मधेमधे डीएनएचे मोकळे फासे वर उचललेले दिसले. त्या फाशांतला मजकूर संदेशात नव्हता. दोघांना १९९३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हा शोध आपल्यापासून फार दूरचा वाटायला नको. पुण्यात तयार झालेली आणि आपल्याकडे बहुतेकांनी दंडावर घेतलेली कोविशिल्ड लस चिंपांझीच्या अ‍ॅडेनोव्हायरसवरच उभी आहे. तिच्यातला डीएनए आपल्या पेशींच्या केंद्रकात गेला, आणि त्याच्या आरएनएला टोपी व शेपटी लावायचे काम आपल्याच पेशींनी केले.

कापायचे कुठे, हे ठरवणाऱ्या खुणा अगदी लहान असतात. इंट्रॉनची सुरुवात जवळजवळ नेहमी जी-यू या जोडीने होते आणि शेवट ए-जी या जोडीने. काम करणाऱ्या यंत्राला स्प्लायसिओसोम म्हणतात. त्यात यू१, यू२, यू४, यू५ आणि यू६ हे पाच लहान आरएनए आणि शंभराहून अधिक प्रथिने असतात. यू१ इंट्रॉनच्या सुरुवातीला अक्षराला अक्षर जुळवून बसतो. यू२ आतल्या एका ‘ए’ला बाहेर काढतो. तो ‘ए’ इंट्रॉनच्या सुरुवातीवर हल्ला करतो, धागा तुटतो आणि इंट्रॉनला गळफासासारखा आकार येतो. मग मोकळे झालेले एक्झॉनचे टोक पुढच्या एक्झॉनला जोडले जाते आणि फासा गळून पडतो. प्रत्यक्ष कापणारा भाग प्रथिनाचा नसून आरएनएचाच आहे. आरएनए स्वतःला कापू शकतो हे थॉमस चेक यांनी १९८२ मध्ये टेट्राहायमिना या एकपेशीय जीवात दाखवले होते, आणि त्याबद्दल त्यांना सिडनी ऑल्टमन यांच्यासह १९८९ चे नोबेल मिळाले.

एक अक्षर चुकले तर. हिमोग्लोबिनमधल्या बीटा साखळीचे जनुक लहानसे आहे : तीन एक्झॉन, दोन इंट्रॉन, पहिला इंट्रॉन अवघा १३० अक्षरांचा. तो इंट्रॉन जी-यू-यू-जी-जी-यू अशा सहा अक्षरांनी सुरू होतो. यातले पाचवे अक्षर ‘जी’. यू१ इथे बसतो तेव्हा या ‘जी’ला त्याच्याकडचा ‘सी’ धरून ठेवतो. भारतात बीटा थॅलेसेमियाचे सर्वांत जास्त आढळणारे उत्परिवर्तन नेमके याच जागी आहे : ‘जी’च्या ठिकाणी ‘सी’. एक पकड सुटते आणि यू१ची मांड ढिली होते. सुरुवातीची जी-यू जोडी शाबूत असते, म्हणून कधीकधी कापणी बरोबरही होते, पण बहुतेक वेळा स्प्लायसिओसोम आसपासच्या तीन फसव्या जागांपैकी एक पकडतो. त्यांतल्या दोन पहिल्या एक्झॉनच्या आत आहेत, खऱ्या सांध्याच्या १६ आणि ३८ अक्षरे आधी. तिसरी इंट्रॉनमध्ये आहे. संदेश तीन-तीन अक्षरांच्या गटांनी वाचला जातो. १६ ला तीनने भाग जात नाही आणि ३८ लाही जात नाही. म्हणजे तिथे कापले की पुढचा सगळा मजकूर सरकतो आणि प्रथिन निकामी होते.

ही चूक प्रथिन सांगणाऱ्या मजकुरात नाही, हे मुद्दाम ध्यानात घ्यावे. ती काढून टाकायच्या तुकड्यात आहे. इंट्रॉनला ‘निरुपयोगी’ म्हणण्याची सवय आपल्या अनेक मराठी पुस्तकांत अजून दिसते. मिरजेच्या वॉर्डात रक्ताच्या पिशवीखाली झोपलेले मूल एकदा पाहिले की तो शब्द लिहायला हात धजावू नये. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, म्हणजे दोघांच्याही दोनपैकी एका बीटा जनुकात दोष असेल, तर प्रत्येक गरोदरपणात असे मूल होण्याची शक्यता चारात एक असते. वाहक स्वतः धडधाकट असतो आणि त्याला काही जाणवत नाही. रक्ताच्या एचपीएलसी तपासणीत हिमोग्लोबिन ए२ चे प्रमाण साधारण ३.५ टक्क्यांच्या वर दिसते तेव्हा ते कळते.

एकाच कच्च्या प्रतीतून वेगवेगळे एक्झॉन निवडून वेगवेगळे संदेशही बनवता येतात. माणसाची प्रथिने सांगणारी जनुके सुमारे वीस हजार, आणि एकाहून अधिक एक्झॉन असलेल्या जवळजवळ सगळ्यांत अशी निवड होते. फळमाशीच्या डीस्कॅम जनुकातून तत्त्वतः ३८,०१६ प्रकार निघू शकतात. या निवडीत हस्तक्षेप करणारे औषधही आता आहे. पाठीच्या कण्यातल्या चेतापेशी मरत जाणाऱ्या एसएमए या आजारात एसएमएन१ हे जनुक गमावलेले असते. त्याचा जुळा एसएमएन२ शाबूत असतो, पण एका अक्षराच्या फरकाने त्याचा सातवा एक्झॉन बहुधा गाळला जातो. अमेरिकेत २०१६ मध्ये मान्यता मिळालेले न्यूसिनर्सन त्या आरएनएवर जाऊन चिकटते आणि सातवा एक्झॉन आत घ्यायला लावते.

अक्षरबदल, म्हणजे आरएनए संपादन, ही याहून चकित करणारी गोष्ट. सांगलीचा भडंग खाल्ला की त्यातले तेल आतड्याच्या पेशी बारीक थेंबांत बांधून शरीरात पाठवतात. त्या थेंबांना लागणारे अपोबी प्रथिन २,१५२ अमिनो आम्लांचे असते. यकृतात तेच जनुक ४,५३६ अमिनो आम्लांचे प्रथिन देते. दोन्हीकडे डीएनए एकच. आतड्यात मात्र एक विकर संदेशातल्या सी-ए-ए या गटातला ‘सी’ बदलून ‘यू’ करते. यू-ए-ए म्हणजे पूर्णविराम, आणि वाचन तिथेच थांबते.

खुणा आणि जवारी. अक्षर न बदलता त्याच्यावर लहान रासायनिक गट चढवणे हा सर्वांत पसरलेला प्रकार आहे. असे दीडशेहून अधिक फेरफार माहीत आहेत. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी काढताना कारागीर घोडीचा माथा कानशीने अगदी किंचित घासतो, तार छेडतो, कान देतो, पुन्हा घासतो. तार तीच, षड्ज तोच, पण नाद खुलतो आणि टिकतो. आरएनएवरच्या खुणांचे काम समजावून सांगायला मला याहून जवळचे उदाहरण सापडलेले नाही. ‘ए’वर एक मिथिल गट बसला, तरी वाचताना ते ‘ए’च राहते. मात्र ती खूण ओळखणारी प्रथिने येतात आणि तो संदेश लवकर मोडायचा की जोमाने वाचायचा हे ठरवतात. खूण बसवणारी विकरे वेगळी आणि पुसणारी वेगळी.

‘यू’चा असाच एक बदललेला अवतार म्हणजे स्यूडोयुरिडिन. वर आलेल्या यू१ मध्येही, इंट्रॉनला धरणाऱ्या टोकाशीच, असे दोन आहेत. बाहेरून आलेला आरएनए पेशीला परका वाटतो आणि ती दाह उठवते, पण त्यात स्यूडोयुरिडिन घातले तर ती शांत राहते, हे कॅटालिन कारिको आणि ड्र्यू वाइसमन यांनी २००५ मध्ये दाखवले. फायझर आणि मॉडर्ना यांच्या कोविड लशींत याच रेणूचे मिथिल चढवलेले रूप वापरले आहे. कारिको आणि वाइसमन यांना २०२३ चे नोबेल मिळाले.

रायबोसोमचा आरएनए आणि त्याच्याकडे अमिनो आम्ले आणून देणारा वाहक आरएनए हेही घडवूनच वापरावे लागतात. केंद्रकातल्या केंद्रकीत एक लांब धागा कापून त्यातून रायबोसोमचे तीन आरएनए निघतात, चौथा वेगळा तयार होतो. वाहक आरएनएच्या टोकाला सी-सी-ए ही तीन अक्षरे जोडली जातात, आणि अमिनो आम्ल तिथेच लटकते.

साठवण आणि नियंत्रण. सांगलीजवळच्या हरिपुरात हळद जमिनीखालच्या पेवांत ठेवत आले आहेत. तोंड बंद केलेल्या पेवात ती वर्षानुवर्षे टिकते आणि भाव आला की बाहेर काढता येते. २००५ च्या महापुरात अनेक पेवांत पाणी शिरले आणि मोठे नुकसान झाले. पेशीही तयार संदेश असे पेवात ठेवते. बेडकाच्या अंड्यात कित्येक संदेशांची शेपटी आखूड करून त्यांना गप्प ठेवलेले असते, आणि वेळ आली की ती लांबवून त्यांना जागे केले जाते. वाळलेल्या बियाण्यातही मागल्या हंगामाचे संदेश शिल्लक असतात, म्हणून बी भिजल्यावर थोड्याच वेळात त्यात प्रथिने बनू लागतात.

थॅलेसेमियाच्या मुलांचे पालक एकमेकांना भेटले की हमखास विचारतात, “फेरिटिन किती आलं?” वारंवार रक्त चढवल्याने शरीरात लोह साचते, आणि फेरिटिन हे लोह साठवणारे प्रथिन. त्याचा संदेश पेशीत आधीपासून तयार पडलेला असतो. त्याच्या टोपीजवळ आरएनएचा एक लहानसा मुडपलेला भाग आहे. लोह कमी असताना एक प्रथिन त्याला घट्ट धरून बसते आणि रायबोसोमला वाट देत नाही. लोह वाढले की ते सुटते आणि फेरिटिन भराभर बनू लागते. तेच प्रथिन दुसऱ्या एका संदेशाच्या मागच्या टोकाला बसून त्याला मोडण्यापासून वाचवते. तो संदेश पेशीत लोह आत घेणाऱ्या ग्राहीचा. म्हणजे लोह वाढताच साठवणीचे दार उघडते आणि आवकेचे बंद होऊ लागते. रिपोर्टवरच्या त्या आकड्यामागे कुलूप-किल्लीचा हा सगळा व्यवहार असतो.

सुमारे २२ अक्षरांचे मायक्रोआरएनए हे दुसरे नियंत्रक. ते अर्धवट जुळणाऱ्या संदेशांना गप्प करतात. १९९३ मध्ये एका सूक्ष्म कृमीत त्यांतला पहिला सापडला, आणि व्हिक्टर अँब्रोस व गॅरी रव्हकन यांना त्याबद्दल २०२४ चे नोबेल मिळाले. वनस्पती अशाच लहान आरएनएच्या जोरावर विषाणूंशी लढतात. पपईच्या बागेत मावा रिंगस्पॉटचा विषाणू आणतो तेव्हा झाड त्याच्या आरएनएचे बारीक तुकडे करते आणि ते तुकडे वापरून उरलेला विषाणू शोधते. विषाणूही ही यंत्रणा दाबणारे प्रथिन सोबत घेऊन येतो.

विल्हेवाट. प्रत्येक संदेशाला आयुष्य असते, काही मिनिटांचे किंवा काही दिवसांचे. शेपटी झिजते, टोपी उडते आणि विकरे दोन्ही टोकांकडून धागा खातात. सदोष संदेश मात्र म्हातारा होण्याची वाट पाहिली जात नाही. स्प्लायसिंग करताना प्रत्येक सांध्याशी प्रथिनांचा एक जुडगा ठेवलेला असतो. रायबोसोम पहिल्यांदा वाचत जातो तेव्हा हे जुडगे निघत जातात. शेवटच्या सांध्याच्या ५० ते ५५ अक्षरांहून आधीच पूर्णविराम लागला, तर पुढचा जुडगा तसाच राहतो आणि त्यावरून संदेश सदोष ठरून नष्ट केला जातो. थॅलेसेमियाच्या कित्येक वाहकांना या तपासणीचा मोठा आधार आहे, कारण एका जनुकात अवेळी पूर्णविराम आला तरी त्याचे मोडके प्रथिन बनत नाही आणि दुसरे जनुक काम भागवते. शेवटच्या, तिसऱ्या एक्झॉनमध्ये असा पूर्णविराम आला तर मात्र पुढे सांधा नसतो आणि जुडगाही नसतो. संदेश तपासणीतून सुटतो, मोडकी साखळी बनत राहते आणि तांबड्या पेशींत साचते. मग आई-वडिलांपैकी एकाकडूनच दोष आलेला असूनही ते मूल आजारी पडते.