लेबलवरचे नाव आणि मागचे हात : फार्मसी सहायकांच्या पगाराची पार्श्वभूमी

औषधाच्या पाकिटावरचे लेबल नीट वाचले तर त्यावर रुग्णाचे नाव असते, डॉक्टरांचे असते, दुकानाचे असते, काही ठिकाणी जबाबदार फार्मासिस्टचेही असते. ज्याने ते औषध फडताळातून काढले, मुदत तपासली, गोळ्या मोजल्या, विमा कंपनीशी फोनवर हुज्जत घातली आणि ते लेबल छापले, त्याचे नाव सहसा त्यावर नसते. कुठे त्याला फार्मसी टेक्निशियन म्हणतात, कुठे असिस्टंट, कुठे डिस्पेन्सर. अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागाच्या २०२३ च्या आकड्यांप्रमाणे तिथल्या फार्मासिस्टचा मध्यक वार्षिक पगार (निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त) १,३६,०३० डॉलर होता आणि फार्मसी टेक्निशियनचा ४०,३०० डॉलर. एकाच काउंटरमागे उभ्या असलेल्या दोघांच्या कमाईत तिपटीहून मोठे अंतर.

शिक्षणातला फरक खरा आहे. किमान सहा वर्षांच्या अभ्यासानंतर मिळणारी पदवी आणि काही महिन्यांचे प्रशिक्षण यांना एका तागडीत घालता येत नाही. पण शिक्षण हे या अंतराचे अर्धेच कारण आहे, असे इतिहास चाळताना वाटत राहते. फार्मसीला पैसा नेमका कशाचा मिळतो, आणि चूक झाली तर जाब कोणाला द्यावा लागतो, या दोन प्रश्नांनी मदतनिसाचा पगार ठरवला आहे. आणि या दोन्ही प्रश्नांची मुळे फार जुनी आहेत.

तेराव्या शतकात सिसिलीचा राजा फ्रेडरिक दुसरा याने वैद्य आणि औषधविक्रेता यांची कामे कायद्याने वेगळी केली. वैद्याने औषधाच्या दुकानात भागीदारी करायची नाही, आणि विक्रेत्याने ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त नफा घ्यायचा नाही. रुग्णाची लूट थांबावी हा हेतू चांगलाच होता. मात्र त्यातून एक घडी बसली. वैद्याला सल्ल्याचे पैसे, औषधवाल्याला मालाचे. माल तयार करताना लागणाऱ्या कसबाची वेगळी किंमत कोणी लावली नाही. खलात तासन् तास घोटणाऱ्या हाताचा मोबदला औषधाच्या किमतीत विरघळून गेला.

लंडनमध्ये औषधवाले १६१७ मध्ये किराणा व्यापाऱ्यांच्या संघातून बाहेर पडले आणि त्यांनी राजाच्या सनदेने आपला स्वतंत्र संघ काढला, सोसायटी ऑफ ॲपोथेकरीज. या संघात शिरायचे तर निदान सात वर्षे उमेदवारी करावी लागे. उमेदवाराला पगार नसे. उलट त्याला ठेवून घ्यावे म्हणून त्याचे आईबापच मालकाला रक्कम मोजत. जेवणखाण आणि राहणे मालकाकडे, बदल्यात भट्टी पेटवण्यापासून पुड्या बांधण्यापर्यंत पडेल ते काम. ही व्यवस्था सहन केली जाई, कारण शेवटी तो मुलगा स्वतः दुकानदार होणार असे. आजची फुकटची मेहनत ही उद्याच्या मालकीची किंमत होती. मदतनिसाचा पगार तुटपुंजा असला तरी चालतो, ही समजूत इथली आहे. पुढे मालक होण्याची वाट बंद झाली, समजूत तशीच राहिली.

त्यानंतर १७०४ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने एक निवाडा दिला. लंडनच्या वैद्यांच्या अधिकृत संस्थेने, कॉलेज ऑफ फिजिशियन्सने, रोज नावाच्या औषधवाल्यावर रुग्ण तपासल्याबद्दल खटला भरला होता. निकाल औषधवाल्याच्या बाजूने लागला. त्याने रुग्णाला सल्ला द्यायला हरकत नाही, पण पैसे मात्र फक्त औषधाचे घ्यायचे. साहजिकच कमाई करायची तर बाटल्या जास्त खपवणे भाग. ज्ञान फुकट आणि बाटली विकत, हा हिशोब या धंद्याच्या अंगी इतका मुरला की आजही दुकानाचे उत्पन्न बहुतेक करून डॉक्टरांच्या किती चिठ्ठ्यांवर औषधे दिली गेली यावरच मोजले जाते. मदतनिसाला त्याचा त्रास दोन बाजूंनी होतो. कामाचा वेग वाढतो, आणि रुग्णाला समजावून सांगण्यात गेलेला वेळ कमाईच्या खात्यात धरला जात नाही.

सहायक म्हणून सहायकाची दखल कायद्याने घेतली ती १८१५ च्या इंग्रजी कायद्यात. औषधे तयार करून देणाऱ्या सहायकालाही आता परीक्षा आली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्त्रिया या परीक्षेकडे वळल्या, कारण वैद्यकाचे आणि पूर्ण फार्मसीचे दरवाजे त्यांच्यासाठी जेमतेम किलकिले झाले होते. ब्रिटनच्या फार्मास्युटिकल सोसायटीने स्त्रियांना सभासद करून घेतले तेच मुळी १८७९ मध्ये. सहायकाची परीक्षा त्या मानाने स्वस्त आणि लवकर होणारी. दवाखान्यांना आणि इस्पितळांना कमी पैशांत शिकलेले हात मिळाले. जे काम बायका करतात त्याला पगार कमी, हा सगळीकडचा अन्याय या पेशाला तेव्हा चिकटला. आजही अनेक देशांत फार्मसी सहायकांमध्ये स्त्रियांचीच संख्या मोठी आहे.

या काळातल्या एका डिस्पेन्सरची नोंद आपल्याला तपशिलात मिळते, ती पुढे जगप्रसिद्ध झाली म्हणून. रहस्यकथा लेखिका ॲगाथा ख्रिस्ती पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधल्या टॉर्की गावच्या रेड क्रॉस इस्पितळात काम करत होती. आधी बिनपगारी परिचारिका, मग औषध विभागात. १९१७ मध्ये तिने ॲपोथेकरीज हॉलची, म्हणजे त्याच जुन्या औषधवाल्यांच्या संघाची, सहायकाची परीक्षा दिली आणि पास झाल्यावर तिला वर्षाला १६ पौंड मिळू लागले. ते स्वयंसेवकांवर चालणारे इस्पितळ होते, त्यामुळे हा काही बाजारभाव नव्हे. पण १६ पौंडांहून मला तिने आत्मचरित्रात सांगितलेली एक हकिकत महत्त्वाची वाटते. परीक्षेच्या तयारीसाठी ती गावातल्या एका फार्मासिस्टकडे शिकायला जाई. एकदा त्याने औषधी सपोझिटरी (गुदद्वारातून द्यायच्या औषधाच्या वड्या) बनवताना दशांशचिन्हाची चूक केली आणि विषारी द्रव्य दसपट पडले. तिच्या ते लक्षात आले. एवढ्या मोठ्या माणसाला तुमचे चुकले असे सांगायची सोय नव्हती. मग तिने ठेच लागल्याचे नाटक केले, तयार माल जमिनीवर पाडला आणि पायाखाली चिरडला. चूक ओळखण्याइतके ज्ञान होते, बोलण्याचा अधिकार नव्हता. पगाराच्या मुळाशी हाच अधिकार आहे, म्हणून ही गोष्ट इथे सांगाविशी वाटली.

विसाव्या शतकात औषध बनवण्याचे कामच दुकानातून उठून कारखान्यात गेले. तयार गोळ्या, तयार कॅप्सूल. खलबत्ता शोभेपुरता उरला. आता फार्मासिस्टने करायचे काय? अमेरिकेत १९५२ च्या व्यावसायिक आचारसंहितेने तर त्याला औषधाच्या परिणामांविषयी रुग्णाशी बोलायलाही मनाई केली होती. १९६९ मध्ये ती बदलली. मधल्या काळात उच्चशिक्षित माणसे गोळ्या मोजत आणि लेबले चिकटवत उभी होती. असे काम हाताखालच्या माणसाला द्यावे हे उघड होते, पण दिले की आपले महत्त्व संपेल ही भीतीही तितकीच उघड होती. म्हणून सहायकाने काय करायचे नाही याच्या याद्या लांबल्या. तो काय काय शिकला आहे, याची नोंद कोणी ठेवली नाही.

युरोपात काही देशांनी वेगळा रस्ता धरला. पश्चिम जर्मनीने १९६८ मध्ये कायदा करून फार्मास्युटिकल-तांत्रिक सहायक हा स्वतंत्र पेशा उभा केला, त्याला ठरलेले शिक्षण, शासकीय परीक्षा आणि संरक्षित पदनाम दिले. तिथे सहायकांची संघटना मालकांच्या संघाशी वाटाघाटी करते आणि पगाराचा तक्ता नोकरीच्या वर्षांप्रमाणे वर सरकतो. डेन्मार्कमध्ये फार्माकोनोम, म्हणजे तिथला फार्मसी सहायक, तीन वर्षे शिकतो, औषध देतो, रुग्णाला सल्लाही देतो, आणि त्याचाही पगार सामूहिक करारातून ठरतो. दोन्ही ठिकाणी क्रम सारखा दिसतो. आधी पेशाला कायद्यात नाव मिळाले, मग संघटना बळकट झाली, मग तक्ता आला. जिथे नावच नव्हते तिथे तक्ता मागणार कशाच्या आधारावर?

अमेरिकेत हे घडायला फार उशीर झाला. लष्कराने १९४० च्या दशकात फार्मसी टेक्निशियनांना रीतसर प्रशिक्षण दिले, पण वर्दी उतरवल्यावर बाहेर त्या पदाला मान्यता नव्हती. बदलाची सुरुवात इस्पितळांतून झाली. १९६० च्या दशकापासून शिरेवाटे द्यायची मिश्रणे वॉर्डात न बनवता मध्यवर्ती फार्मसीत निर्जंतुक वातावरणात तयार होऊ लागली, आणि या कामाला भरवशाचे हात हवे होते. मिशिगनमधल्या फार्मासिस्टांच्या संघटनेने १९८१ मध्ये टेक्निशियनांची परीक्षा सुरू केली. देशभरासाठी प्रमाणन मंडळ निघाले ते १९९५ मध्ये. मधे १९९० च्या एका अर्थसंकल्पी कायद्याने मोठा धक्का दिला होता. १९९३ पासून मेडिकेड या गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेतल्या रुग्णांना फार्मासिस्टने समुपदेशन देऊ करणे बंधनकारक झाले. फार्मासिस्ट बोलायला पुढे आला, आणि मोजण्या-भरण्याचे काम उघडपणे टेक्निशियनकडे गेले. कामाची वाटणी बदलली, पण समुपदेशनाचे वेगळे पैसे सरकारने दुकानाला दिले नाहीत. मग टेक्निशियनच्या वाढलेल्या कामाचे पैसे कुठून येणार?

याची सर्वांत दुःखद किंमत २००६ मध्ये ओहायोत मोजली गेली. कर्करोगावर उपचार घेणाऱ्या दोन वर्षांच्या मुलीच्या औषधासाठी एका टेक्निशियनने साध्या सलाइनऐवजी २३.४ टक्के मिठाचे द्रावण वापरले. मूल दगावले. त्या राज्यात तेव्हा टेक्निशियनला कोणतेही प्रशिक्षण सक्तीचे नव्हते. तपासणीची जबाबदारी असलेल्या फार्मासिस्टला तुरुंगवास झाला. २००९ मध्ये ओहायोने टेक्निशियनच्या पात्रतेचा कायदा केला. इतक्या जोखमीच्या कामावर अप्रशिक्षित माणूस बसवता येत होता, कारण कायद्याच्या लेखी ते काम त्याचे नव्हतेच, ते सही करणाऱ्याचे होते. स्वस्त मनुष्यबळाचा खरा अर्थ इथे कळतो, आणि तो वाचून अंगावर काटा येतो.

पगारात आज जे फरक दिसतात ते या इतिहासाच्या थरांतून आलेले आहेत. इस्पितळात रस्त्यावरच्या दुकानापेक्षा सहसा जास्त मिळते, कारण इस्पितळात सहायकाच्या अचूकतेची किंमत संस्थेला थेट दिसते, तर दुकानात त्याचा पगार प्रत्येक चिठ्ठीमागच्या बारीकशा शुल्कातून निघतो. निर्जंतुक मिश्रणे, केमोथेरपीची औषधे, रात्रपाळी यांना वरचे पैसे. प्रमाणपत्राने फरक पडतो, पण जिथे मालकाला ते सक्तीचे नाही तिथे फार थोडा. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत २००४ पासून पदांच्या श्रेणी ठरलेल्या आहेत. टेक्निशियन बहुधा चौथ्या श्रेणीत शिरतो, असिस्टंट हे तिथे वेगळे धरलेले पद त्याखाली, आणि इतरांनी भरलेल्या औषधांची अंतिम तपासणी करण्याची पात्रता मिळवली की वरची वाट मोकळी होते. १ जुलै २०११ पासून तिथे टेक्निशियनची नोंदणी सक्तीची आहे. म्हणजे चूक झाली तर आता तोही स्वतःच्या नावाने उत्तर देतो. तेच पद खासगी दुकानात असेल तर पगार मालक ठरवतो, आणि मालकाचा हात सरकारी कराराने बांधलेला असतो. इंग्लंडमधल्या औषध दुकानांसाठीचा सरकारी निधी २०१९ ते २०२४ अशी पाच वर्षे सालाना २५९.२ कोटी पौंडांवर गोठवलेला होता. त्याच काळात महागाई, चिठ्ठ्या आणि किमान वेतन तिन्ही चढत गेले. अशा वेळी किमान वेतन वाढले की अनुभवी सहायक आणि नवखा यांच्यातले अंतर मिटत जाते. दहा वर्षे काम केलेल्या माणसाला याचे जे वाईट वाटते ते आकड्यांत दिसत नाही.

कोविडने आणखी एक गोष्ट उघड केली. अमेरिकेत आयडाहो राज्याने २०१७ मध्ये टेक्निशियनला लस टोचण्याची परवानगी दिली होती. २०२० मध्ये केंद्र सरकारने ती देशभर दिली. काम वाढले, जबाबदारी वाढली, पण पगार हलले ते माणसे नोकरी सोडून जाऊ लागल्यावर. २०२१ मध्ये मोठ्या साखळी दुकानांनी तासाला किमान १५ डॉलर द्यायची घोषणा केली. गोदामात आणि उपाहारगृहातही तेवढेच मिळू लागले होते, तेव्हा ती करणे त्यांना भाग होते. तरी २०२३ च्या सप्टेंबरात कॅन्सस सिटीत साखळी दुकानांतल्या कर्मचाऱ्यांनी काम बंद ठेवले. त्यांची मुख्य तक्रार काउंटरमागे माणसेच पुरेशी नाहीत अशी होती.

ब्रिटनने जून २०२४ मध्ये नोंदणीकृत टेक्निशियनला ठराविक लेखी निर्देशांखाली स्वतः औषध आणि लस देण्याचा अधिकार दिला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात नेदरलँड्समधले फार्मसी सहायक पगारवाढीसाठी संपावर गेले. तिथे सहायकाचे तीन वर्षांचे शिक्षण आहे, कायद्यात नाव आहे, सामूहिक कराराची जुनी परंपराही आहे. मालक म्हणाले, विमा कंपन्या दर वाढवत नाहीत तोवर आमच्याकडे द्यायला पैसे नाहीत. सहायकांचा पगार ज्या दरांवर अवलंबून होता, ते ठरवणारे वाटाघाटीच्या टेबलावर नव्हतेच.